पाचवा चेंडू

लिंडेल, नेब्रास्का
रविवार, २० ऑगस्ट २०२३

लायल,

आज रविवार, आईच्या नियमाप्रमाणे पत्राचा दिवस. फोन मयतीला आणि गारपिटीला, बाकी सगळं पत्रात, हे तिचं म्हणणं मी अजून पाळते. तू पाळतोस ते माझ्या धाकाने. शिवाय मी गावची पोस्टबाई. सख्खा भाऊच तिकिटं लावेनासा झाला तर माझी खिडकी चालायची कशी?

कालच्या पेपरात तुमच्या कॅल्डर स्टेट कॉलेजच्या फुटबॉल संघाची यादी आली. पहिला कोण, दुसरा कोण, सगळं रीतसर. फक्त चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या ओळीत लिहिलंय, ‘केड रॉमेरो किंवा ग्रेडी होल्कम.’ हे ‘किंवा’ काय प्रकरण आहे? हॉटेलात लिहिलेलं असतं, सूप किंवा सॅलड. माझा मुलगा यातलं काय आहे, सूप की सॅलड?

आणि हा केड कोण? मे महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून तू म्हणालास, ‘ताई, यंदा ग्रेडीच पहिला, काळजी सोड.’ असं म्हणताना तू दालचिनीचे चार रोल खाल्लेस. चार. मी मोजले होते.

ग्रेडीला विचारलं तर म्हणाला, ‘मामाला विचार.’ त्याला चेंडू फेकायला तूच शिकवलंस, आमच्या कोठाराच्या भिंतीवर. भिंतीचे पोपडे अजून तसेच आहेत. म्हणून विचारते.

डार्ला


कॅल्डर
रविवार, २७ ऑगस्ट

ताई,

रोल तीन होते. चौथा मी गाडीत खाल्ला.

आता ‘किंवा’चं ऐक. पूर्वी यादी लावली की दुसऱ्या नंबरचा पोरगा दात-ओठ खाऊन सराव करायचा. आता तो दात-ओठ खातो आणि कॉलेज बदलायच्या पोर्टलमध्ये नाव घालतो. नाव घातलं की देशातला कुठलाही कोच त्याला फोन करू शकतो, आणि करतोच. मागच्या डिसेंबरात आमचे दोन क्वार्टरबॅक एकाच आठवड्यात गेले. एकाने मला निरोपाचा मेसेज पाठवला, त्यात माझं नाव चुकीचं होतं. तेव्हापासून आमचे मुख्य कोच बर्नेट मधे ‘किंवा’ लिहायला लावतात. ‘किंवा’ असलं की दोघांनाही वाटतं आपणच पहिले, आणि दोघंही थांबतात. क्वार्टरबॅक एकावेळी एकच खेळतो, पण त्याचा खांदा निखळला तर मागे कुणीतरी लागतंच. मागे कुणी उरलं नाही, तर क्वार्टरबॅकांचा कोच म्हणून आधी माझी नोकरी जाते.

केडला जूनमध्ये कॅलिफोर्नियाहून आणला, तोही पोर्टलमधूनच. तुला कळवायचं राहिलं. राहिलं म्हणजे धीर झाला नाही.

पण ग्रेडीसाठी मी नीट आखलंय. प्रत्येक मुलाला खेळायला चारच हंगाम मिळतात. एखाद्या वर्षी तो चार किंवा त्याहून कमी सामन्यांत उतरला, तर ते वर्ष धरत नाहीत, शिल्लक राहतं. पाचव्या सामन्यात पाच-सात सेकंदांच्या एका डावापुरतं जरी पाऊल टाकलं तरी अख्खं वर्ष खर्ची पडतं. तेव्हा यंदा ग्रेडी बसेल, शिकेल, फार तर चारदा उतरेल. केड पुढच्या वर्षी संपतो. ग्रेडीचा मागच्या वर्षीचा एकच हंगाम गेलाय, यंदाचा वाचला तर त्याच्यापुढे तीन अख्खी वर्षं. त्याला मी शब्द दिलाय आणि तो थांबलाय.

आजकालच्या पोरांत निष्ठा म्हणून राहिली नाही, ताई. आपला ग्रेडी तसा नाही.

लायल


लिंडेल
रविवार, १७ सप्टेंबर

लायल,

निष्ठेवरचं तुझं प्रवचन मी पोस्टात शेजारच्या बसवाल्या मार्विनला वाचून दाखवलं. नंतर माझी पत्त्यांची वही काढली. तुझ्या नावापुढे एकवीस वर्षांत नऊ पत्ते आहेत. कॅन्सस, आयोवा, दोनदा टेक्सास, कुठेकुठे. चौथ्यापासून मी तुझा पत्ता पेन्सिलीनेच लिहिते. कोच गेला की ‘संधी मिळाली’ आणि पोरगं गेलं की ‘निष्ठा नाही’, असंच ना?

कालचा सामना टीव्हीवर बघत होतो. माझं नशीब बघ. चुलीवरचं चिलीचं पातेलं बुडाला लागेल म्हणून ढवळायला उठले आणि बाहेरून मार्विन ओरडला, ‘आला, आला, ग्रेडी आला.’ पळी हातात घेऊन धावले तोवर पोरगा परत बाकावर. झालं काय, तर म्हणे केडचं हेल्मेट डोक्यावरून उडालं. मार्विन म्हणतो, त्या एका डावात ग्रेडीने चेंडू फक्त दुसऱ्याच्या हातात दिला, त्यात काय मोजायचं. मी म्हटलं, आई मोजते.

पोस्टातून दरवर्षी कॅलेंडर येतं ना, ते फ्रीजवर लावलंय. ज्या शनिवारी ग्रेडी उतरतो त्या चौकोनात मी एक चेंडू काढते. दोन तारखेला पहिला काढला होता, काल दुसरा काढला. चेंडू कसले, बटाटेच दिसतात, पण मला कळतं.

डार्ला


कॅल्डर
रविवार, २९ ऑक्टोबर

ताई,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. सहा आठवड्यांत तीन सामने हरलो आणि बर्नेटसाहेब सध्या जेवतानाही शिट्टी गळ्यातून काढत नाहीत.

हेल्मेट उडालं की त्या खेळाडूने एक डाव बाहेर बसायचं, असा नियमच आहे. ग्रेडी तेवढ्यापुरता आत गेला. त्याला मी खेळणं म्हणत नाही, तू बटाटे काढत बस.

नऊ पत्ते मीही मोजून पाहिले. आठ असतील अशी आशा होती.

आता आनंदाचं सांगतो. १८ नोव्हेंबरला आमचा इथला शेवटचा सामना आहे, आणि समोरचा संघ यंदा अगदीच दुबळा आहे. मार्विनची बस काढा आणि सगळं लिंडेल घेऊन या. ग्रेडी आजवर तीनदा उतरलाय: सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, मग तीस तारखेला, आणि या एकवीसला आम्ही सपाटून मार खात होतो तेव्हा. चौथा मी तुमच्यासाठी राखून ठेवलाय. तुम्ही पाच तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून येणार आणि पोरगा बाकावर टोपी घालून बसलेला बघणार, हे मामाला शोभत नाही.

तो हल्ली फार बोलत नाही. सरावाला सगळ्यांच्या आधी येतो. बोलला तर मला कळव.

लायल


लिंडेल
रविवार, २६ नोव्हेंबर

लायल,

थँक्सगिव्हिंगचं टर्की संपलं, हाडांचं सूपही संपलं, आता लिहायला सवड झाली.

एकेचाळीस माणसं, पाच तास, दोनदा बंद पडलेली बस आणि मार्विनची विनोदांची वही. एवढं सोसून आम्ही स्टेडियमात बसलो. थंडीने नाक जागेवर आहे की नाही ते चाचपून बघावं लागत होतं. तुम्ही एकतीस गुणांनी पुढे, आणि माझं पोर बाकावर. शेवटी घड्याळात मिनिट उरलं तेव्हा तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. आमच्या रांगेतली सगळी उभी राहिली. शाळेच्या मास्तरीणबाईंनी तर चादरीवर रंगवून आणलेलं ‘ग्रेडी’ वर धरलं, उलटं.

आणि त्याने केलं काय? चेंडू घेतला आणि वेळ संपवायला गुडघा टेकला. पुन्हा घेतला, पुन्हा गुडघा टेकला. संपलं. मार्विन म्हणाला, ‘लोक हरल्यावर गुडघे टेकतात, यांच्याकडे जिंकल्यावर टेकतात काय?’ परतीच्या वाटेवर पाच तास सगळी बस त्यावर हसत होती.

मी नाही हसले. तो आत जाण्याआधी क्षणभर थांबला, वर आमच्या रांगेकडे बघितलं, मग हेल्मेट चढवलं. ते मी बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, थंडीने नव्हे.

घरी येऊन कॅलेंडरवर चेंडू काढला. यंदाचा हा पाचवा. हात बसला वाटतं, हा अगदी चेंडूसारखा आलाय.

डार्ला


कॅल्डर
रविवार, ३ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. इथे थंडी फार आहे. बुधवारी पाऊस पडला, गुरुवारी त्याचा बर्फ झाला आणि शुक्रवारी वारा सुटला. वारा वायव्येचा होता. माझ्या गाडीची बॅटरी उतरली होती, ती शेजाऱ्याने सुरू करून दिली. शेजारी भला माणूस आहे. पूर्वी डाकोटात राहायचा. तिकडे म्हणे यापेक्षाही थंडी असते.

सरावाच्या मैदानावर मीठ टाकलंय.

उद्यापासून पोर्टल उघडतंय, २ जानेवारीपर्यंत. केड जातोय. त्याला मोठ्या कॉलेजाने बोलावलंय. नाताळनंतर २८ तारखेला आमचा अखेरचा सामना आहे, त्याला क्वार्टरबॅक म्हणून आता ग्रेडी आणि एक पहिल्या वर्षाचा पोरगा, एवढेच उरले.

ग्रेडी तुला काही बोलला का?

लायल


लिंडेल
गुरुवार, ७ डिसेंबर

लायल,

रविवार नसताना लिहितेय, यावरून समज.

अडतीस वर्षांपूर्वी तू आईचं ॲपल-पाय भाजायचं काचेचं भांडं फोडलंस आणि तुकडे कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरलेस. त्या संध्याकाळी जेवताना तू पाऊण तास हवामानावर बोललास. आई फक्त तुला वाढत राहिली. शेवटी तूच रडायला लागलास.

वारा वायव्येचा होता हे कळलं. आता पुढे लिही.

डार्ला


कॅल्डर
रविवार, १० डिसेंबर

ताई,

भांडं मी फोडलंय.

तुझ्या पत्रातलं ‘पाचवा’ वाचलं आणि आधी हसलो. म्हटलं, ताईने बटाटा जास्तीचा काढला. मग सामन्यांच्या नोंदी काढल्या. १६ सप्टेंबर, केडचं हेल्मेट, एक डाव. मी तो धरलाच नव्हता. तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलंही होतं, त्याला मी खेळणं म्हणत नाही. नियम म्हणतो. आमच्या कचेरीतल्या बाईंना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीत बसायलाही विसरलो. एकवीस वर्षं हा धंदा करतोय मी.

म्हणजे त्या गुडघ्याने ग्रेडीचं अख्खं वर्ष गेलं. तीनाऐवजी आता दोनच उरली. तीस सेकंद गुडघ्यावर बसण्यासाठी. आणि का, तर बहिणीसमोर, गावासमोर मामाला मिरवायचं होतं. चूक कुणाच्या हातून होत नाही, पण ही मी हौसेने केली, त्याचं वाईट वाटतं.

पुढचं त्याहून वाईट. मी बर्नेटसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘पोराला आत्ता बोलू नकोस. पोरं मोजत नसतात. पोर्टल २ जानेवारीला बंद होतं, ३ तारखेला सांग.’ आणि मी मान डोलावली, ताई. ग्रेडी गेला तर अखेरच्या सामन्याला माझ्याकडे एकच कोवळा पोरगा उरतो, आणि मग मीही उरत नाही. तो रोज सकाळी माझ्या आधी येऊन दिवे लावतो, म्हणतो, ‘मामा, कॉफी?’ मी म्हणतो, ‘थंडी फार आहे नाही?’ आठवडाभर मी सख्ख्या भाच्याशी हवामानावर बोलतोय.

अजून एक. बर्नेटसाहेब पुढच्या हंगामासाठी फ्लोरिडाच्या एका क्वार्टरबॅकशी बोलताहेत. म्हणजे पुन्हा ‘किंवा.’ मी दिलेल्या शब्दातलं काहीच आता शिल्लक नाही.

हे पत्र पेटीत टाकतो आणि सरळ त्याच्या खोलीवर जातो. सगळं सांगणार, आणि हेही सांगणार की तू जा. तुझ्या हातात पत्र पडेल तेव्हा सांगून झालेलं असेल. मला शिव्या घालायच्या असतील तर जाड कागद वापर.

लायल


लिंडेल
शुक्रवार, १५ डिसेंबर

वेड्या,

कागद नेहमीचाच आहे.

ग्रेडीला माहीत होतं.

त्या दिवशी सामन्यानंतर बस सुटायच्या आधी तो मला भेटायला आला. पायरीवर उभा राहून म्हणाला, ‘आई, मामा हेल्मेटचा सामना विसरला.’ मला काही कळेना. त्याने बोटांवर मोजून दाखवलं. मी म्हटलं, ‘अरे, मग तू आत गेलास कशाला? सांगायचं ना त्याला.’ तर म्हणतो, ‘मामा इतका खूश होता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वर बघ, सगळं लिंडेल आलंय. मी वर बघितलं, तर तू उभी होतीस. तिथे मामाला काय सांगू, मोजायला चुकलास म्हणून?’

आम्ही वर उभं राहून टाळ्या वाजवत होतो तेव्हा पोरगं खाली एक वर्ष देऊन मोकळं झालं होतं.

म्हणून परतीच्या बसमध्ये मी हसले नाही. आणि म्हणूनच ‘हा पाचवा’ असं मुद्दाम लिहिलं. वाटलं, बघू तरी, माझा भाऊ खुराड्यामागे किती दिवस पुरून ठेवतो. चौदा दिवस, लायल. लहानपणी पाऊण तासात रडला होतास. वय झालं तुझं.

ग्रेडी म्हणाला होता, ‘मामाला विचारू नकोस. तो आपणहून सांगेल.’ मी म्हटलं, नाही सांगितलं तर? तो म्हणाला, ‘सांगेल गं.’ माझी तेवढी खात्री नव्हती, खोटं कशाला बोलू. रविवारी रात्री त्याचा फोन आला. मयत नव्हती, गारपीट नव्हती, तरी मी घेतला. ‘मामा येऊन गेला,’ म्हणाला.

डार्ला


लिंडेल
शुक्रवार, २२ डिसेंबर

मामा,

आईने कागद समोर ठेवलाय आणि ती समोरच बसलीये, त्यामुळे हे पत्र.

मी मागच्या गुरुवारी पोर्टलमध्ये नाव घातलं ते तुझ्या चुकीमुळे नाही. ती माझीही आहे. तू मोजायला चुकलास, मी बरोबर मोजून आत गेलो. सगळं स्टेडियम रिकामं व्हायला लागलं होतं, फक्त आपली एक रांग उभी होती. दोन गुडघे टेकले, पण यंदा मला तेवढंच आठवतं.

केअर्नीच्या पलीकडचं ते छोटं कॉलेज आहे ना, तिथल्या कोचचा फोन आला. गर्दी आमच्या गावाच्या जत्रेएवढीच असते म्हणाला. मी विचारलं, यादीत माझं नाव कसं लिहाल? म्हणाला, ‘एकट्याचं.’ मी हो म्हटलं. घरापासून दीड तास. आईला चिली डब्यातून आणता येईल.

२८ च्या सामन्याचं वाईट वाटतं. त्या पहिल्या वर्षाच्या पोराला मी माझी खुणांची वही देऊन आलोय. त्याला सांग, डावीकडे बघताना खांदा आधी वळवतो, समोरच्यांना कळतं. मलाही तू कोठारापाशी हेच सांगायचास.

मामा, त्या रात्री तू दारात उभा राहून ‘तू जा’ म्हणालास, तेव्हा मला पहिल्यांदा थांबावंसं वाटलं.

ग्रेडी


लिंडेल
रविवार, १४ जानेवारी २०२४

लायल,

तुझं नववर्षाचं कार्ड मिळालं. ‘थोडी सुट्टी घेतोय’ असं लिहिलंयस. सुट्टी तू घेतलीस की बर्नेटने दिली, ते ग्रेडीने मला सांगितलंय. पुढे विचारत नाही. २८ ला त्या कोवळ्या पोराने तीनदा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला, तरी सामना संपल्यावर तू त्याला पोटाशी धरलंस. टीव्हीवर तेवढंच दाखवलं. तेव्हा मी चिलीपाशी नव्हते, समोरच बसले होते.

माझ्या वहीत दहाव्या पत्त्याला जागा आहे, पण पेन्सिल झिजलीये. वरची खोली रिकामी आहे. शाळेचा म्हातारा कोच यंदा निवृत्त होतोय, त्यांना माणूस हवाय. पगार लाजिरवाणा आहे. तिथे क्वार्टरबॅक एकच असतो, कारण वर्गात पोरंच अकरा आहेत. पोर्टलची भीती नाही. फार तर बापाची बदली झाली तर जाईल. शाळा किंवा आणखी कुठे मोठ्या ठिकाणी कोचगिरी, तू ठरव. रोल कसेही मिळतील, चारवर मात्र लक्ष राहील.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ग्रेडीचा पहिला सामना आहे. मार्विनने बस आत्ताच ठरवलीये. माझ्या शेजारची जागा अजून कुणाला दिलेली नाही. तू की मास्तरीणबाई, लवकर कळव. त्यांनी चादर सुलटी रंगवलीये.

डार्ला


कॅल्डर
गुरुवार, १८ जानेवारी

ताई,

शाळेला होकार कळवलाय. सामान गाडीत भरतोय. पत्ता शाईने लिही.

बसमधली तुझ्या शेजारची जागा माझी. तिथे ‘किंवा’ नको.

लायल